बुडबुडे फोडणारी जाळी

३ फेब्रुवारी, मंगळवार

नऊशेवरून दोनशे! धुरातला कार्बन मोनॉक्साइड आज सलग चौथ्यांदा दोनशेच्या आसपास. म्हणजे माझी जाळी काम करते!

खालून हवा सोडली की बॉयलरमधली तापलेली वाळू भातासारखी रटरटते. पण हवेचे मोठे बुडबुडे कोळशाला न शिवताच वर निसटतात, आणि कोळसा अर्धाकच्चा जळतो. वाळूत जाळी बसवून बुडबुडे फोडायचे, हवा कोळशाला भिडवायची – एवढ्यासाठी कुरुंदवाडजवळच्या त्या कापड कारखान्यात चार वर्षं खेटे घालतेय. माझे गाईड धनपाल सर म्हणाले, “आता लिहून टाक. वीसला प्रबंध गेलाच पाहिजे.” मुदतवाढ यापुढे मिळणार नाही.

५ फेब्रुवारी

लिहायला बसते, उठते. तीनदा चहा झाला. माझ्याच गणिताने फरक याच्या निम्मा पडायला हवा होता. मग एवढा कसा? आई वैतागली – “चांगलं झालं तरी तुझी कुरकुर हायच की!”

९ फेब्रुवारी, सोमवार

जाळी बसवल्यापासून जायच्या आदल्या दिवशी सयाजीमामांना फोन करते. बॉयलर तेच चालवतात. आज न सांगता गेले.

आठशे साठ!

नळी साफ केली, यंत्र तपासलं. आठशे चाळीस. जाळी तर जागच्या जागी. मला घाम फुटला, आणि मामा माझ्याहून कावरेबावरे.

“फोन तरी करायचा की वो मॅडम! असं अचानक आला तर कसं व्हायचं?”

खोदून विचारलं तेव्हा सांगितलं. मी येणार म्हटलं की आदल्या दिवशी घरची शेंगांची चाळण आणून कोळसा चाळतात. भुकटी बाजूला काढायची, मोठे खडे हातोड्याने फोडायचे. चारही वेळा!

“पावणं येणार म्हटल्यावर पीठ चाळून घेत न्हाय व्हय? तसंच हे.”

रागवायचं तरी कुणावर? तिथेच रडू आलं. मामांना वाटलं, त्यांच्या कष्टांनी भरून आलं. तेही खोटं नव्हतं.

१० फेब्रुवारी

कुणाला कळणार नाही. सकाळपासून हेच डोक्यात. स्वतःचीच लाज वाटते. मामा तर म्हणालेच, “मी न्हाय सांगत कुणाला.”

शनिवारी बॉयलर बंद असतो. तेव्हा जाळी काढून ठेवली, तर नुसत्या चाळलेल्या कोळशाने काय होतं ते बघता येईल. नाही बघितलं तर?

१२ फेब्रुवारी

प्रबंधाचं शेवटचं प्रकरण लिहून झालं. छान जमलंय. फाडावंसं वाटतं.

१६ फेब्रुवारी, सोमवार

शनिवारी जाळी काढली. आज मामांकडून कोळसा मुद्दाम चाळून घेतला.

एकशे नव्वद. जाळीशिवाय!

मामांनी आकडा वाचला. “मग, झाला की आता डॉक्टर!”

बाहेर येऊन सरांना फोन केला. वीसला प्रबंध देत नाही, असं सांगितलं.