प्रवेश बंद

९ फेब्रुवारी

शी! दोनदा आंघोळ केली तरी केसांचा वास जात नाही. आज पहिल्या मजल्याचं खोटं छत उतरवलं आणि वर्षानुवर्षांची कबुतरांची घाण धबाधबा अंगावर आली. पिसं, अंड्यांची टरफलं, वाळलेली पिल्लं. बाहेरून काय थाट — दगडी खांब, घुमट, विमा कंपनीची जुनी कचेरी म्हणून वर्तमानपत्रात फोटो! आतून बडा घर, पोकळ वासा. हिचं कॉलेज करायचंय म्हणे. करायचंय म्हणजे मलाच करायचंय. साइटवरची इंजिनियर मी.

वर संस्थेचे सेक्रेटरी पाहणीला आले. नाकावरचा रुमाल शेवटपर्यंत काढला नाही आणि रुमालातूनच सूचना दिल्या. यापुढे त्यांचं नाव रुमालसाहेब.

१० फेब्रुवारी

भिंतीत उंदीर. मेलेले. जेवले नाही.

२१ फेब्रुवारी

तळघराची भिंत फोडली. बॉयलरची जुनी खोली — गुडघाभर काळा चिखल, त्यावर तेलाचा तवंग, आणि असा दर्प की गवंडी बाहेर पळाले. मी कोपऱ्यात जाऊन ओकले. पण शेवटचा दगड निघाला आणि पलीकडे स्टेशनचा बोळ दिसला! दिवे, तिकिटाचं यंत्र, घाईतली माणसं. गाडीतून उतरायचं, सपाट यायचं, नव्या लिफ्टनं थेट वर्गात. एक पायरी नाही!

पुढच्या दाराच्या दगडी पायऱ्या ऐतिहासिक, त्यांना हात लावायची परवानगी नाही. म्हणजे माझ्या धाकट्या भावासाठी हे एकच दार.

घरी येऊन त्याला सांगितलं. तो कुणाचा तरी मोबाइल उघडून दुरुस्त करत होता. मान वर न करता म्हणाला, "पायऱ्या नाहीत? नक्की? का आपलं नेहमीचं, 'दोनच तर आहेत'?" नाहीत रे बाबा, म्हटलं. त्याच्या हातातला स्क्रू पडला. चाकाची खुर्ची मागेपुढे करत तो बराच वेळ शोधत राहिला. स्क्रू मला दिसत होता, पण मी बोलले नाही. आजवर ज्या ज्या कॉलेजात गेला तिथे सगळ्यांनी हेच सांगितलं — चौघं उचलून नेतील की! उचलून न्यायला तो काय गोणी आहे?

२२ फेब्रुवारी

धाकट्यानं सकाळी स्वतःहून कॉलेजच्या संध्याकाळच्या वर्गाचे विषय विचारले. मी उगाच ओरडले, चहा गार होतोय म्हणून. डोळे भरले होते.

२ एप्रिल

मीटिंग. पुढच्या दालनात झुंबर लावायचं ठरलं. सोनेरी मुलामा, प्लास्टिकचे लोलक. बघूनच अंगावर काटा येतो. ते झालं आणि बिस्किट बुडवत रुमालसाहेब म्हणाले, "खालचं दार बंदच ठेवू या. स्टेशनचा सगळा गाळ आत येईल."

म्हटलं, गाळ आम्ही उपसलाय, साहेब.

"माणसांचा म्हणतोय मी, मॅडम."

बिस्किट तुटून कपात पडलं. ते त्यांनी चमच्यानं काढून खाल्लं.

मंजुरी या दाराच्या जोरावर मिळाली, जाहिरातीत 'गाडीतून थेट वर्गात' छापलं, ते सगळं बोलले मी. "नकाशावर आहे ना दार? मग झालं की!" आणि ज्यांना पायऱ्या चढता येत नाहीत ते? "त्यांचा प्रश्न तर आम्ही उचलूनच धरणार आहोत. चार शिपाई ठेवू." उचलून धरणार! हा विनोद झाला हेही त्यांना कळलं नाही. सगळे गंभीरपणे माना डोलावत होते.

निघताना म्हणाले, "किल्ली तुमच्याकडेच राहू द्या. त्या उकिरड्यात कोण जातंय!"

बॉयलरच्या चिखलाची एवढी शिसारी आली नव्हती. आणि मी काय केलं? साय धरलेला गार चहा निमूट प्यायले.

३ एप्रिल

धाकट्याला सांगितलं नाही. मी भित्री आहे.

११ जून

रंगाऱ्यानं आज खालच्या जाळीच्या दारावर, स्टेशनच्या बाजूनं, पाटी लावली. लालभडक अक्षरं : प्रवेश बंद. "अक्षर कसं आलंय, बाई?" म्हणाला बिचारा. छान आलंय म्हटलं. छानच होतं.

१९ जून

दिवसाच्या वर्गांना झुंबड. संध्याकाळच्या वर्गाला एकही अर्ज नाही! कारकून माशा मारत बसलाय. रुमालसाहेब म्हणाले, आठवडाभरात अर्ज आले नाहीत तर संध्याकाळचा वर्ग रद्द. चेहऱ्यावर दुःख नव्हतं. ब्याद गेली, असाच भाव.

२० जून

घरी आले तर धाकटा भिंतीकडे तोंड करून. अंगात इस्त्रीचा शर्ट. मांडीवर दाखल्यांची पिशवी.

"तुमच्या कॉलेजचे प्रवेश बंद झाले म्हणे."

एकटाच गेला होता! मला न सांगता. गाडीनं, त्या सपाट बोळातून, थेट दारापर्यंत. पाटी वाचली आणि परत आला. मला आधी हसू आलं — देवा, हसू! म्हटलं, "अरे वेड्या, ॲडमिशन चालू आहेत. बंद आहे ते फक्त दार."

तो वळला. "ताई, मला दोन्ही एकच."

एप्रिलपासून माहीत होतं, हेही मग सांगावंच लागलं. त्यानं शर्ट काढून घडी घालून ठेवला. ओरडला असता तर बरं झालं असतं.

म्हणजे संध्याकाळच्या वर्गाला येणारे सगळेच — दुकानातल्या मुली, वॉर्डबॉय, नोकरी करून शिकणारे — स्टेशनातून येतात, पाटी वाचतात आणि परत जातात!

२१ जून

रुमालसाहेबांना सांगितलं. निदान पाटी तरी बदला. म्हणाले, "एवढी साधी पाटी ज्यांना कळत नाही, ते विद्यार्थी हवेत कशाला?"

पालथ्या घड्यावर पाणी. त्यांच्या टेबलावर अत्तर सांडलं होतं. मी नाक दाबून बाहेर आले.

२५ जून

धाकटा रोज संध्याकाळी गायब. कुठे जातोस? "हवा खायला." माझ्याशी एवढंच बोलतो. घसा बसलाय. कुणाशी भांडतोय कोण जाणे. मिठाचं पाणी करून दिलं. घेतलं, पण माझ्याकडे बघितलं नाही.

२६ जून

आश्चर्य! संध्याकाळच्या वर्गाचे अर्ज यायला लागले. कारकुनाच्या टेबलाशी रांग!

५ जुलै

वर्ग भरला. रुमालसाहेबांच्या मते त्यांच्या माहितीपत्रकाचा प्रताप — मुखपृष्ठावर झुंबर आहे ना! केक कापला आणि एक तुकडा स्वतःच्या हातानं माझ्या तोंडात कोंबला. बेसिनशी जाऊन थुंकले. चूळ भरली, पुन्हा भरली.

धाकट्यानं अर्ज भरलाय का, विचारायची हिंमत नाही.

१५ जुलै

संध्याकाळच्या वर्गाचा पहिला दिवस. शिपाई धावत आला — वर्ग रिकामा, सगळे खाली!

तळघरात गेले. जाळीपलीकडे, पाटीखाली, इस्त्रीच्या शर्टात धाकटा. त्याच्या मागे बोळभर माणसं. पुढे उभी असलेली नर्स म्हणाली, "हेच रोज इथं बसून ओरडायचे, दार बंद आहे, ॲडमिशन चालू आहेत, वर जा, वर जा. आता हे आत आल्याशिवाय आम्हीही येणार नाही."

धाकट्यानं पहिल्यांदाच माझ्याकडे बघितलं.

मागून रुमालसाहेब ओरडत होते, "कुणी उघडायचं नाही! किल्ली कुणाकडे आहे?"

माझ्याकडे. एप्रिलपासून माझ्याच पर्समध्ये होती.