वाणाच्या यादीवरची पहिली सही

टेंभुर्ली, ता. मुरबाड
बुधवार, २८ जानेवारी २०२६

चि. साईनाथ यास देवकीताईचे आशीर्वाद. ‘अनेक’ आणि ‘उत्तम’ हे दोन शब्द मुद्दाम गाळले आहेत. तुझं उत्तर वाचून पुढच्या पत्रात घालायचे की नाही ते ठरवीन.

रविवार, १८ जानेवारी २०२६, दुपारी चार वाजून वीस मिनिटं. कॉन्व्हेंटच्या बोर्डिंगात सिस्टर फिलोमिना सांगायच्या की तक्रार आणलीत तर आधी तारीख आणि वेळ सांगा, रडायचं ते नंतर. म्हणून आधी तेच. त्या वेळी टेंभुर्लीच्या शाळेच्या पटांगणात, तुझ्या बायकोच्या हळदीकुंकवाला, मी एका कागदावर सही केली. वाणाचा डबा मिळाल्याची. वनिताने माझा हात धरून मला टेबलापाशी नेलं आणि म्हणाली की पहिला मान वन्संचा. वेळ पक्की आठवते, कारण कासवीपाड्याच्या बायकांना परतीची जीप गाठायची होती आणि त्या मला सारखा टाइम विचारत होत्या.

परवा सव्वीस जानेवारीला झेंडावंदनानंतर ग्रामसभा भरली. ग्रामसेवक महिपतने इतिवृत्त वाचलं. त्याच तारखेला, त्याच वेळी, त्याच पटांगणात म्हणे महिला ग्रामसभा झाली, आणि हजर असलेल्या शहाऐंशी महिलांनी कासवी नदीवरच्या धरणाला एकमताने संमती दिली. अनुक्रमांक एक, श्रीमती देवकी हरिश्चंद्र विशे. म्हणजे मी. कासवी बचाव समितीची अध्यक्ष, जिचा फोटो तुझ्या फोटोशेजारी छापून पेपरवाले चार वर्षं ‘भाऊ विरुद्ध बहीण’ असे मथळे देताहेत.

मी उभी राहून बोलायला लागले तेव्हा महिपतने अगदी नम्रपणे विचारलं की मॅडम, सही तुमची आहे की नाही तेवढं सांगा. माझीच होती. विमा कचेरीत तेहेतीस वर्षं समोरच्याला सांगत आले की न वाचता सही करू नका. मी खाली बसले.

काल पाड्यावर गेले. ही बासष्ट घरं धरणाच्या पोटात जाणार, हे तुला सांगायला नको. जना अंगणात नागली पाखडत होती. मी सगळं सांगितलं. तिने सूप खाली ठेवलं नाही. म्हणाली, बाय, आमी त वर तुझं नाव दावलं तवा अंगठा टेकवला. ही वाचल्याबिगर काय करायची नाय, असं आमी समजलो. एवढंच म्हणाली आणि परत पाखडायला लागली. तिने चार शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

चोवीस फेब्रुवारीला जनसुनावणी आहे. हा ठराव फाइलीत सगळ्यांत वर असेल, आणि पाड्याने संमती दिली आहे असं तुझी पाणी हक्क परिषद माइकवरून सांगेल. मला एकच विचारायचं आहे. तुला माहीत होतं का?

फोन केला नाही, कारण तुझा फोन तुझा पीए सुयोग उचलतो आणि साहेब मीटिंगमध्ये आहेत असं गाणं म्हणतो. शिवाय तू फोनवर बोललेलं दुसऱ्या दिवशी बोललेलं नसतं. म्हणून कागद.

लोभ आहे. सध्या तो कपाटात ठेवला आहे.

देवकीताई


मुरबाड
सोमवार, २ फेब्रुवारी २०२६

ती. ताईस साईनाथचा शिरसाष्टांग नमस्कार. मी काही गाळलेलं नाही.

पत्र मिळालं. दोनदा वाचलं. पहिल्यांदा रागाने, दुसऱ्यांदा हसू आलं म्हणून. ‘गाणं म्हणतो’ हे सुयोगला वाचून दाखवलं, तो कानापर्यंत लाल झाला. गुडघा कसा आहे? त्या तसल्या गुडघ्याने तू पाड्याची चढण चढलीस हे ऐकून वनिता मला बोलली, जणू मीच तुला पाठवलं होतं.

आता मुद्द्याचं. त्या दिवशी माइकवर पाण्याचा विषय निघाला होता. बायकांना विचारलं की गावाला बारमाही पाणी हवं का, सगळ्या हो म्हणाल्या, टाळ्या वाजल्या. तूही तिथेच होतीस. सभा व्हायला आणखी काय लागतं? महिला ग्रामसभेची नोटीस बोर्डावर लागली होती. ती कोणी वाचली नाही, हा माझा दोष नाही. सह्यांचं काम सुयोगने पाहिलं. त्यात थोडी घाई झाली असेल.

ताई, तू मला चोर समजतेस ते समज. पण मार्च लागला की टेंभुर्लीच्या दोन्ही विहिरींचा तळ दिसतो. टँकर आला की बायका हंडे घेऊन धावतात, मागल्या साली चंदरची सून पडली, तिचं काय झालं ते तुला माहीत आहे. तूच तिला गाडीत घालून नेलंस. पावसाळाभर कासवी आपल्या डोळ्यांदेखत निघून जाते आणि आपण एप्रिलमध्ये टँकरची वाट बघतो. मी हे पेपरसाठी बोलत नाही. पाड्याला शहापूर रस्त्यालगत घरं मिळतील, शाळा मिळेल. बासष्ट घरांसाठी चाळीस गावांनी तहानलेलं राहायचं का? याचं उत्तर तुझ्या समितीने मला कधी दिलं नाही. तुझ्या निवेदनांत विशेषणं भरपूर असतात, उत्तर नसतं.

तरीही तू माझी बहीण आहेस. लोकांनी तुझ्याकडे बोट दाखवावं हे मला चालणार नाही. महिपतशी बोललो आहे. अनुक्रमांक एक नजरचुकीने लागला, असं शुद्धिपत्रक निघेल. तुझं नाव निघून जाईल, तू सुनावणीत ताठ मानेने बोल. माझ्याविरुद्ध बोल. बाकीच्या पंच्याऐंशी राहतील, त्यांचा मात्र विषय काढू नकोस. येत्या आठवड्यात कळव, म्हणजे कागद करून टाकतो.

अक्षदाचं लग्न मेमध्ये ठरतंय. आत्याशिवाय तिचं पान हलत नाही. तेवढं लक्षात ठेवून माझ्यावर रागाव.

तुझा
साईनाथ


शहापूर
शनिवार, ७ फेब्रुवारी २०२६

ती. वन्संना वनिताचा नमस्कार. मी माहेरी दादाकडे आले आहे. घरी सांगितलंय की वहिनीला बरं नाही. वहिनी ठणठणीत आहे, अंगणात पापड वाळत घालते आहे.

मला तुमच्यासारखं लिहिता येत नाही, चुकलं तर हसू नका. तुमचं पत्र ह्यांनी मला वाचायला दिलं नाही, पण टेबलावरून उचलून मी वाचलं. त्यात एक गोष्ट तुम्ही लिहिली नाही, ती मला कळली. तुम्हाला वाटतंय की मी तुम्हाला बोलावलं ते सहीसाठी.

तसं नाही वन्सं. सुयोग म्हणाला होता की ताईंना बोलावू नका, त्या गोंधळ घालतील, आणि विधवा बायकांना कुंकू लावलं की म्हाताऱ्या बोलतील. मी म्हटलं, मग हळदीकुंकूच नको. भावोजी गेल्यापासून एकोणीस संक्रांती तुम्ही माझ्याकडे येऊन स्वयंपाकघरात तिळगूळ वळत बसता आणि बाहेर येत नाही. दरवर्षी मला ते टोचतं. यंदा मी सगळ्यांना बोलावलं, गावातल्या आणि पाड्यावरच्या बारा विधवांनासुद्धा, ज्यांना कोणी बोलावत नाही. पहिला मान तुमचा, हे माझ्या मनातलं होतं. माझ्या मानाचा त्यांनी असा उपयोग केला.

कागदाचं सांगते. यादीला मथळा नव्हता, वर चार बोटं जागा कोरी होती. मी विचारलं की डब्यासाठी अंगठे कशाला, तर सुयोग म्हणाला, कोणी दोनदा नेऊ नये म्हणून. मला पटलं. मग पंचवीस तारखेला जेवणं झाल्यावर तो आमच्याच जेवणाच्या टेबलावर त्या कोऱ्या जागेत लिहीत बसलेला मी पाहिला. हे शेजारी खुर्चीवर होते. मी विचारलं, हे काय लिहिताय? हे म्हणाले, चहा टाक. मी चहा टाकला. दोन कप नेऊन ठेवले. तेव्हापासून मला चहाचा वाससुद्धा नको झालाय.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर त्यात आलं. मी सुनावणीला उभी राहून हे सांगायला तयार आहे. मग अक्षदाच्या लग्नाचं काय होईल, माझं त्या घरात काय होईल, ते मला दिसत नाही. तुम्ही सांगा. तुम्ही म्हणाल तसं करीन.

माझ्यावर राग धरू नका, धरलात तर समोर येऊन बोला.

तुमची वनिता


टेंभुर्ली
मंगळवार, १० फेब्रुवारी २०२६

चि. सौ. वनितास अनेक उत्तम आशीर्वाद. एकही शब्द गाळलेला नाही.

तू बरोबर ओळखलंस, मला तसंच वाटलं होतं. त्या दिवशी तू लावलेलं कुंकू मी दुसऱ्या दिवशी आंघोळीपर्यंत पुसलं नव्हतं. सव्वीस तारखेनंतर त्याचीच मला जास्त लाज वाटत होती. ती आज गेली. याबद्दल तुझे आभार मानले तर तू चिडशील, म्हणून मानत नाही.

आता तुझा प्रश्न. साईनाथने मला माझं एकटीचं नाव काढून देण्याचं आमिष दाखवलं आहे. खरं सांगते, पत्र वाचल्यावर क्षणभर हायसं वाटलं. मग जनाकडे गेले आणि तिला ते सांगितलं. ती म्हणाली, घे की मंग सुटून. आमी तुला काय धरून ठेवणार नाय. मी म्हटलं, मी तशी जाणार नाही. त्यावर म्हणाली, जाणार नाय त बोलत काय बसलीस? चल, घरोघर चल, पन ह्या खेपेला तू मागं उभी ऱ्हा. चढणीवर मात्र तिनेच माझा हात धरला आणि म्हणाली की तुला उचलून न्यायची पाळी आमच्यावर आणू नको, तू जड हाइस.

तर आम्ही दोघी रोज फिरतो आहोत. जना विचारते, मी मागे उभी राहते. जी जे बोलेल ते मी तिच्या शब्दांत लिहून घेते, तिलाच वाचून दाखवते, तिने मान डोलावली तरच अंगठा. तीन ठिकाणी मला खोडून पुन्हा लिहायला लावलं. रुपाने तर सांगितलं, मी ‘विरोध’ म्हटलं नाय, मी ‘जाणार नाय’ म्हटलं, तसंच लिव.

म्हणून तुला मी सांगणार नाही की उभी राहा, आणि राहू नकोस असंही सांगणार नाही. माझं नाव वर पाहून पंच्याऐंशीजणींनी अंगठे टेकवले. माझ्या शब्दावर शहाऐंशीवी तू व्हावीस हे मला नको. तुझं पत्र मी कोणाला दाखवणार नाही, समितीलाही नाही. ते तुझं आहे, हवं तर परत मागून घे.

दादाच्या घरी आहेस तोवर खा, झोप. चहा नको असेल तर गवती चहाचा काढा घे.

तुझी
वन्सं


टेंभुर्ली
शुक्रवार, १३ फेब्रुवारी २०२६

चि. साईनाथ यास आशीर्वाद. ‘अनेक’ लिहिते, कारण तुझ्या पत्रात एक गोष्ट खरी होती. ‘उत्तम’ अजून बाकी आहे.

खरी गोष्ट ही, की चाळीस गावांच्या पाण्याचं उत्तर आम्ही दिलेलं नाही. चंदरच्या सुनेचं मूल गेलं ते मी पाहिलं आहे, ते मला विसरता येणार नाही. आम्ही नाही म्हणतो तेव्हा काय करावं हेही सांगायला हवं, हे मी समितीपुढे मांडलं. निम्मे लोक रागावले. रागावू देत.

पण त्या उत्तरासाठी तुला बायकांचे अंगठे चोरायची गरज नव्हती. मी विचारलं होतं, तुला माहीत होतं का. तू पाच परिच्छेद लिहिलेस आणि त्या प्रश्नाला हात लावला नाहीस. मला उत्तर मिळालं.

तुझं शुद्धिपत्रक मला नको. माझी सही नजरचुकीने लागली नव्हती, मी न वाचता केली होती. सुनावणीत सगळ्यांसमोर मी हेच सांगणार आहे, तुझ्या परिषदेने हसायचं तेवढं हसावं. मला सोडून यादीतल्या पंच्याऐंशींपैकी आम्ही त्र्याऐंशीजणींना भेटलो. दोघी कल्याणला लेकींकडे गेल्या आहेत. एकोणसाठजणी म्हणतात की जाणार नाही. सतरा म्हणतात, आम्हाला कोणी काही विचारलंच नाही, आधी विचारा मग सांगू. सातजणी म्हणतात की धरण हवं, आणि त्यांतली एक, दिपाली, पाड्यावरचीच आहे. तिचं म्हणणंही मी जसंच्या तसं लिहिलं आहे. तुझ्या यादीत ‘एकमताने’ हा एकच शब्द होता. माझ्याकडे त्र्याऐंशी कागद आहेत, आणि प्रत्येकीला तिचा कागद वाचून दाखवलेला आहे.

हे सगळं चोवीस तारखेला मांडलं तर सुयोग आणि महिपत अडचणीत येतील, आणि त्यांच्यामागे तूही. मला त्यात आनंद नाही. तुला मी पाठीवर घेऊन कसाऱ्याच्या रेल्वे चाळीत फिरवलं आहे. म्हणून आधी तुला मागते, नंतर सुनावणीत मागेन.

१८ जानेवारीला महिला ग्रामसभा झाली नाही, ते हळदीकुंकू होतं, आणि त्यावर उभा केलेला संपूर्ण ठराव मागे घेण्याची शिफारस मी करतो, असं मला लेखी हवं. संपूर्ण ठराव. एक नाव वगळून नव्हे. फोटो छापलेल्या लेटरहेडवर नको, साध्या कागदावर, तुझ्या अक्षरात, सुयोगच्या नव्हे. एक प्रत मला, एक ग्रामपंचायतीला, पोच घेऊन. पाणी हवं असेल तर त्या बायकांसमोर पुन्हा ये आणि खरीखुरी सभा घे. त्या सभेला मी येईन आणि मागच्या रांगेत बसेन.

मुदत शुक्रवार, २० फेब्रुवारी २०२६, सायंकाळी पाच. फोन नको, निरोप नको, माणूस पाठवणं नको. पाच वाजेपर्यंत जे येईल ते समितीची अध्यक्ष वाचेल. पाचनंतर आलेलं पत्रही मी उघडीन, पण ते फक्त तुझी बहीण वाचेल, आणि तिला सुनावणीत बोलायची परवानगी नाही.

लेखी उत्तराची वाट पाहते.

देवकीताई