गळ्याखालची खळी

प्रिय ताई,

भावोजी तासाभरात निघतील, त्यांच्याच हाती हे पत्र देते. फोनवर बोलायला माझा आवाज टिकला नसता.

'आप्पा आरामात आहेत, निमोनिया ओसरतोय, शाळेच्या परीक्षा आटपून सावकाश ये,' असं मी तुला रोज सांगत आले. निमोनिया ओसरतोय, एवढंच त्यातलं खरं.

आमच्या आयसीयूत व्हेंटिलेटर बघणारे आम्ही दोघंच तंत्रज्ञ. जोडीदार रजेवर, म्हणून आप्पांचं मशीनही माझ्याकडेच. पेशंटने श्वास ओढायला घेतला की मशीनला ते कळतं आणि ते हवा ढकलतं. पेशंटचे कष्ट वाचतात. सोमवारी सकाळी मशीनच्या नळीत पाणी साचलं. ते हललं की आप्पाच ओढताहेत असं समजून मशीन उगाच हवा सोडायचं. शेजारच्या खाटेपाशी धावपळ चालली होती. पाणी काढायचं सोडून मी घाईघाईत मशीनच बधिर केलं, जोरात ओढल्याशिवाय दाद देणार नाही असं. नंतर पाणी काढलं, पण सेटिंग तसंच राहून गेलं.

दीड दिवस, ताई! अलार्म नाही, आकडे ठीक. आप्पा दोनदा ओढत तेव्हा कुठे एकदा हवा मिळे. घशातल्या नळीमुळे बोलता येत नाही, म्हणून काल संध्याकाळी त्यांनी पाटीवर लिहिलं, 'दमलो.' आणि मी शहाणी म्हणाले, "आप्पा, मशीन आहे ना, तुम्ही कशाला जोर लावताय?"

तेव्हा त्यांच्या गळ्याखालची खळी दिसली. दर श्वासाला खोल आत जात होती, आणि मशीन ढिम्म. सेटिंग बदललं. दहा मिनिटांत मान सैल पडली, खांदे खाली आले, त्यांना झोप लागली.

डॉक्टरीणबाईंना सगळं सांगितलं. त्या ओरडल्या नाहीत, त्याचीच जास्त धास्ती वाटली. म्हणाल्या, "श्वासाचे स्नायू थकलेत. थोडी विश्रांती देऊ, पण सगळंच काम काढून घेतलं तर ते आणखी लुळे पडतील. शुक्रवारी दहाला घशातली नळी काढून बघू."

आणि श्वास पेलला नाही तर? नळी पुन्हा घालायची का, असं त्यांनी आज आप्पांनाच विचारलं. आप्पांनी मानेनं नाही म्हटलं. आता नळी पुन्हा घालू नये, या कागदावर आपल्या दोघींची सही हवी आहे. त्यांना खरंच नकोय, की माझ्या चुकीनं ते इतके दमलेत म्हणून नकोय, हे मला कळत नाही. आणि विचारायची हिंमत होत नाही. तू विचार. माझ्यावर हवं तेवढं रागाव, पण उद्याच ये.

तुझीच,
धाकटी