मागणीचा कोंबडा

आई,

गुडघे टेकून नमस्कार. मी बरी आहे, मका चांगला झालाय, माझी काळजी करू नकोस. तुझा खोकला कमी झाला का?

एनेलेसी, धाकटे, हे पत्र आईला कानाशी वाचून दाखव. ते आणणारे माझे दीर, बिसविकभावोजी, समोरच बसले असतील. भाच्यासाठी तुला मागणी घालायला आलेत आणि रीतीप्रमाणे काखेत कोंबडा आहे.

आई, इथे कोंबड्यांची साथ, चितोपा आलाय. कोंबड्या आधी मलूल होतात, हिरवं हगतात, मग मान पिळवटून पडतात. त्यावर औषध नाही. मेलेल्या मी खोल पुरल्या. ह्यांनी बांधलेलं खुराडं परवा झाडून काढलं; आत एकही उरली नाही.

कोंबड्यांच्या रोगांचं माझं पुस्तक दाखवून भावोजींना म्हटलं, या गावचा कोंबडा नेऊ नका. ते हसले. "मग काय वहिनी, तुमच्या पुस्तकातला नेऊ? रिकाम्या हाताने गेलो तर मुलगी देतील होय?"

म्हणून कोंबडा दोन्ही हातांनी घे, सोयरीक मोडू नकोस. पण अंगणात सोडू नकोस. लांब टोपलीखाली झाक, दाणापाणी वेगळं ठेव, हातपाय धुऊनच आपल्या कोंबड्यांकडे जा. तुझा मीठ-साबणाचा खर्च त्यांच्यावरच चालतो. यंदा त्यांच्या डोळ्यांत लसीचा थेंब घातला होतास ना?

भावोजी दारात घाई करताहेत. कोंबड्याने डोळे मिटलेत. "झोपलाय," म्हणतात. आज सकाळी तो आरवला नाही.

तुझी थोरली,
फालेसी