खऱ्या मापाचं घर

६ फेब्रुवारी

प्रिय अहो,

सप्रेम नमस्कार. (हसू नका. एवढी वर्षं झाली तरी पत्रात नावानं हाक मारायची हिंमत होत नाही.) आम्ही तिघी मजेत आहोत. लेकीचा खोकला गेला. सासूबाईंचा गुडघा आहे तसाच आहे आणि त्याची तक्रारही आहे तशीच. फोनवर तुमच्याशी बोलायला लागलं की त्या मागून "काय म्हणतोय, काय म्हणतोय" करतात, म्हणून हे पत्रच बरं.

तुम्हाला साइटवर क्वार्टर मिळाल्याचं वाचलं. दोन खोल्या, नळ घरात, बोगद्याच्या तोंडापासून चालत जाण्याइतकं जवळ. छानच झालं. लेकीची परीक्षा संपली की आम्ही सगळ्यांनी तिकडे यावं आणि मी त्याआधी राजीनामा द्यावा, असं तुम्ही लिहिलंत. साहेबांशी बोलायचंच आहे, पण ते सध्या फार घाईत असतात.

आता इकडची खरी बातमी. आमच्या ड्रॉइंग ऑफिसात कॉम्प्युटर आला! खोक्यातून बाहेर काढला तेव्हा सगळा कारखाना दारात जमला होता, जणू नवी नवरीच आली. मी तिथं काय करते, असं कुणी विचारलं की तुम्ही "व्हॉल्व्हचे नकाशे गिरवते" म्हणून सांगता. खोटं नाही ते. पट्टीकाकांनी पेन्सिलनं चित्र काढायचं, मी त्यावर ट्रेसिंग पेपर पसरून शाईनं गिरवायचं आणि चुकलं तर ब्लेडनं खरवडायचं. पट्टीकाका म्हणजे आमचे मुख्य ड्राफ्ट्समन. खिशात कायम पट्टी असते, म्हणून हे नाव. तर साहेबांनी जाहीर केलं की यापुढे चित्रं कॉम्प्युटरवरच निघणार. ज्याला येईल तो ड्रॉइंग ऑफिसात, बाकीच्यांची सोय पॅकिंगमध्ये.

सगळ्यांनी पट्टीकाकांकडे पाहिलं. ते म्हणाले, "उंदीर हातात धरून मी रेघ काढणार नाही. माझी दोनच वर्षं उरलीत, तेवढी मला माणसात काढू द्या."

मग शिकायला कोण जाणार? जो तो आपल्या टेबलावरचे कागद नीट लावायला लागला. आणि माझा हात वर गेला. कसा गेला ते मला विचारू नका, मी स्वतःच त्याच्याकडे बघत राहिले.

क्लास ऑफिस सुटल्यावर असतो, शिंप्याच्या दुकानाच्या वरच्या खोलीत. शिकवणारी मुलगी आपल्या भाचीच्या वयाची आहे. मी तिला मॅडम म्हणते, ती मला मावशी म्हणते, असा आमचा संसार चाललाय. पहिल्या दिवशी तिनं मला वर्तुळ काढायला लावलं. पडदा काळा, वर्तुळ पांढरं, झक्क गोल. मग म्हणाली, आता जवळ जाऊन बघा. जवळ गेले तर वर्तुळाचा अष्टकोन झालेला! मी घाबरून हात मागे घेतला, म्हटलं मोडलं वाटतं. ती हसून हसून बेजार. म्हणाली, "मावशी, ते गोलच आहे, मशीन जरा आळशीपणा करतंय. पुन्हा नीट काढ म्हणून हुकूम सोडा." हुकूम टाइप केला तर खरंच गोल! अहो, आयुष्यात पहिल्यांदा माझा हुकूम कुणीतरी लगेच ऐकला.

राजीनाम्याचं बघते.

तुमची,
मी


१ मार्च

प्रिय अहो,

नमस्कार. तुमचं पत्र पोचलं. "महिन्याभरासाठी इतकं शिकून करायचं काय?" असं विचारलंत. सांगते, पण आधी माझी फजिती ऐका, कारण ती गावभर झालेलीच आहे आणि तुम्हाला दुसऱ्या कुणाकडून कळण्यापेक्षा माझ्याकडून कळलेली बरी.

कागदावर मोठी वस्तू मावत नाही, म्हणून पट्टीकाका ती निम्म्या मापात काढतात आणि आकडे मात्र हातानं खरे लिहितात. कॉम्प्युटरला असलं काही लागत नाही. त्याच्या पोटात वाटेल तेवढी जागा. वस्तू खऱ्या मापातच काढायची, लहान करायची ती कागदावर छापताना. आकडेही आपण लिहायचे नाहीत, मशीन स्वतः रेघ मोजून लिहितं. मॅडमनी हे मला इतक्यांदा सांगितलं की शिंप्यालाही पाठ झालं असेल.

आणि मी काय केलं? साहेबांनी दिलेलं पहिलं खरं काम, एका मोठ्या व्हॉल्व्हचं झाकण, सवयीनं निम्म्या मापात काढलं. मशीननं इमानदारीत निम्मे आकडे टाकले. मला दिसले नाहीत. जन्मभर आकडे गिरवले, वाचले कधी? तपासणारे पट्टीकाका. ते रुसलेले, त्यांनी न बघताच सही ठोकली. चित्र गेलं साच्याच्या सुतारांकडे. ते लाकडात साचा करतात आणि त्यावरून झाकण ओततात.

चार दिवसांनी सुतारमामा ऑफिसात आले आणि तळहातावरचा साचा माझ्या टेबलावर अलगद ठेवला. "बाई, व्हॉल्व्ह बाहुलीचा आहे का हो?"

अख्खं ऑफिस फुटलं. मला वाटलं, धरणी दुभंगावी आणि मी कॉम्प्युटरसकट पोटात जावं. तेवढ्यात साहेब बाहेर आले. मी मनात पॅकिंगची खोकी मोजायला लागले होते. साहेबांनी साचा उचलला, उलटा केला, सुलटा केला आणि चष्मा काढून डोळे पुसेपर्यंत हसले. मग म्हणाले, "पुन्हा काढा."

पुन्हा काढायला फारसं लागलंच नाही. सगळं चित्र निवडलं, दुप्पट कर म्हणून सांगितलं, आणि पडद्यावरचा एकूण एक आकडा आपोआप बदलला. पट्टीकाका माझ्या मागे उभे होते, हे मला माहीतच नव्हतं. त्यांनी खिशातली पट्टी काढून पडद्यावर लावली. म्हणाले, "हे बघा, माप चुकतंय." मी म्हटलं, काका, काचेवर नका मोजू. त्यांनी पट्टी परत खिशात घातली. पण दुपारच्या चहाला खुर्ची ओढून माझ्या शेजारी येऊन बसले. "ते दुप्पट कसं केलंत, जरा दाखवा बघू."

बाहुलीचं झाकण सासूबाईंनी पळवलंय. त्यांच्या काढ्याच्या पातेल्यावर बरोबर बसतं. "निदान घरात तरी तुझं माप चुकलं नाही," म्हणाल्या.

साहेब अजून घाईतच आहेत. तुमच्या प्रश्नाचं उत्तर पुढच्या पत्रात, लेक पेन मागते आहे.

तुमची,
मी


२२ मार्च

प्रिय अहो,

नमस्कार. आज थोडक्यातच लिहिते, पण लिहिल्याशिवाय चैन पडणार नाही.

प्रत्येक चित्राच्या खालच्या कोपऱ्यात एक चौकट असते. चित्र कुणी काढलं, कुणी गिरवलं, कुणी तपासलं, हे त्यात लिहितात. माझं नाव आजवर "गिरवलं" समोर असायचं. काल नवं चित्र छापून बाहेर आलं. साहेबांनी चौकट पाहिली आणि म्हणाले, "हे काय? यात गिरवलंय कुठं कुणी? ती ओळ काढून टाका. चित्र तुम्ही काढलंत." मी परत जाऊन ओळ पुसली आणि "काढलं" समोर माझं नाव टाइप केलं. तीनदा वाचलं. मग उगीचच पाणी प्यायला गेले.

घरी येऊन सासूबाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, "मग आधी कोण काढत होतं?" त्यांना कळेल असं सांगता आलं नाही. तुम्हाला सांगता येतंय का, तेही माहीत नाही.

तुम्ही क्वार्टरचा नकाशा पाठवलात. पेन्सिलीनं, वहीच्या पानावर, स्वतः मापं घेऊन. "तुझ्या कॉम्प्युटरवर काढून बघ आणि ओटा कुठं हवा ते कळव, गवंड्याला सांगून ठेवतो," असं खाली लिहिलंत. पान दोनदा घडी घालून पर्समध्ये ठेवलं. तुम्ही असं काही कधी पाठवलं नव्हतं. मला फार आवडलं, खरंच. काढते.

तुमची,
मी


४ एप्रिल

प्रिय अहो,

नमस्कार. लेकीची परीक्षा संपली. पेपर "बरे" गेले म्हणते, म्हणजे काय ते निकालाला कळेल.

तुमचं क्वार्टर काढलं. आधी एक सांगा, आतल्या खोल्यांची बेरीज बाहेरच्या मापाशी जुळेना. पार हातभर फरक. मॅडम आणि मी डोकं धरून बसलो. मग लक्षात आलं, तुम्ही भिंतींची जाडीच धरली नव्हती. डोंगर फोडणाऱ्या माणसानं भिंतीला जाडी असते हे विसरावं, म्हणजे कमालच झाली!

जाडी धरल्यावर बेरीज जुळली. ओटा खिडकीखाली घेतला. सासूबाईंची खाट तीनदा फिरवून भिंतीला लावली. कपाट, ट्रंक, लेकीचं अभ्यासाचं टेबल, तुमची खाट. सगळं नीट बसलं. मग मी माझं टेबल ठेवायला गेले. दाराशी ठेवलं तर दार उघडेना. खाटेशी ठेवलं तर कपाट उघडेना. माझी नुसती हलवाहलव चाललेली. शेवटी मॅडमनी विचारलं, "पण मावशी, तिकडे त्या टेबलावर तुम्ही करणार काय?"

मी उंदरावरचा हात काढून घेतला. तिकडे कुठला कारखाना, कुठलं ऑफिस? टेबल मावलं असतं तरी त्यावर भाजीच निवडली असती.

आता सांगते. साहेब कधीच घाईत नव्हते. बिचारे रोज माझ्या टेबलाशी येऊन उभे राहतात. मी राजीनामा लिहिलेलाच नाही आणि लिहिणारही नाही. मला तिकडे यायचं नाही.

हे लिहायला मला दोन महिने कॉम्प्युटरच्या गोष्टी सांगाव्या लागल्या, यावरून काय ते ओळखा. तुम्हाला राग येईल. येऊ द्या. पण एवढं आठवून बघा, मी दोनदा आले. धरणाच्या साइटवर आले, पुलाच्या साइटवर आले. कुरकुर केली नाही, कारण कुरकुर नव्हतीच. तुमच्याबरोबर राहायचं होतं. मात्र दोन्ही वेळा माझं काम सोडून आले आणि दोन्ही वेळा तुमचं काम संपल्यावर इकडे परत येऊन दुसऱ्यांची शाईची पेनं धुण्यापासून सुरुवात केली. आता कुठं चौकटीत माझं नाव योग्य ओळीवर आलंय. ते मला सोडवत नाही. हे सगळं शिकताना मी किती खूश होते, ते तुम्ही माझ्या पत्रांत वाचलं असेलच. पत्रांनी काही लपवलं नाही, मीच लपवत होते.

पण ऐका, एवढ्यावर पत्र फेकू नका.

तुमचं क्वार्टर झाल्यावर वाटलं, आपलं घरही काढून बघू. लेकीनं टेपचं एक टोक धरलं, मी दुसरं. सासूबाई मधे बसून "इकडे मोजलं का, तिकडे मोजलं का" करत होत्या. दुसऱ्या दिवशी सगळं खऱ्या मापात काढलं. सासूबाईंचा कोपरा, लेकीचा कोपरा, माझी शिवणाची मशीन. आणि तुमचं? दारामागची एक खुंटी. खाटेखाली बॅग. बास. सगळं घर पालथं घातलं तरी तुमचं म्हणून दुसरं काही सापडलं नाही. तुम्ही रजेवर येता तेव्हा खुर्चीच्या काठावर पाहुण्यासारखे का बसता, दोन दिवसांत घड्याळाकडे का बघायला लागता, ते मला त्या पडद्यासमोर कळलं. माझ्या टेबलाला तुमच्याकडे जागा नाही म्हणून मी रुसले होते, आणि इथं अख्ख्या माणसाला जागा ठेवलेली नव्हती. मला रडू आलं. मॅडमना वाटलं फाइल उडाली, त्या फ्लॉपी शोधायला धावल्या.

म्हणून सोबत हा कागद पाठवते. मागचा व्हरांडा बंद करून एक खोली काढली आहे. उजेडाची बाजू बघून खिडकी ठेवली आहे. खाट तुमच्या उंचीची, हत्यारं लावायला फळी, पाय पसरून बसायला खुर्ची. लेक म्हणते, बाबांना रेडिओला कोनाडा हवा, तोही काढला. पट्टीकाकांनी सगळी मापं स्वतः तपासली, यावेळी बघून. सासूबाईंचा निरोप जसाच्या तसा: "त्याला म्हणावं, मी कुठंही जात नाही. माझी खाट एकदा लागली ती लागली. त्यानं यावं."

आजच काम सोडा, असं मी म्हणत नाही. मला कामाची गोडी लागलीय, तुमची मी कशाला तोडू? पण बोगदा कधीतरी पलीकडे निघेलच. मग तुम्हाला कुणीतरी पुढची साइट दाखवेल आणि तुम्ही नेहमीसारखं "हो" म्हणायला जाल. त्याआधी हा कागद एकदा उघडा.

बघताना वाटेल, बाईनं पुन्हा चूक केली, खोलीला दारच नाही. चूक नाही ती. दार घरात उघडायचं की अंगणात, हे मला एकटीला ठरवता येईना. चारी भिंती सरळ काढून ठेवल्या आहेत. दार कुठं ते तुम्ही येऊन दाखवा, मी तुमच्यासमोर काढते.

इथंच राहणारी,
तरीही तुमचीच,
मी