पिंपातला तांबडा गाळ

२ सप्टेंबर १९९९

गुलाबाची पानं पिवळी पडलीत. शिरा तेवढ्या हिरव्या. नव्या पालवीवर जास्त. लोहाची कमतरता — मी बांधावरूनच सांगितलं.

शुभांगीच्या हातात दुकानातून आणलेला डबा. फवारायचा म्हणे. "मोठ्या आई, यातलं लोह सेंद्रिय रेणूत धरलेलं असतं. आपल्या चुनखडीत तसलंच टिकतं." पुतण्याची बायको, बारावी आर्ट्स, आणि मला रेणू शिकवते! दुकानदारानं पढवलेलं, दुसरं काय. सगळ्यांदेखत मी म्हणाले, "अगं, सेंद्रिय असो नाहीतर असेंद्रिय, लोह ते लोह. झाडाला लेबल वाचता येत नाही." मोतीरामभाऊजी, तिचे सासरे, खो खो हसले. तिचा नवरा महेशसुद्धा. ती डबा घेऊन आत गेली.

साधा हिराकस, म्हणजे फेरस सल्फेट, आणायला सांगितला. तेच लोह, हवंय कशाला डब्यातलं?

४ सप्टेंबर

काल पिंपात विहिरीचं पाणी घेऊन हिराकस भिजवला. पोपटी रंग! शाळेत मुलींना परीक्षानळीत दाखवायचे, तोच. आज बघते तर पाणी तांबडं, तळाला गाळ. विहीर गढूळ झाली असणार. शुभांगी वाकून म्हणाली, "हे गंजलं का?"

"ढवळ," म्हटलं.

महेशनं सगळ्या ओळींना बुडाशी ओतलं.

५ सप्टेंबर

शिक्षक दिन. तीन जुन्या विद्यार्थिनींचे फोन. बरं वाटलं.

१४ सप्टेंबर

पानं तशीच. दसऱ्याला फुलं हवीत, अन् कळी धरत नाही. भाऊजींना म्हणाले, "वीस गुंठे पोरीच्या हाती दिलेत, पाण्याचं तंत्र बिघडवलंय तिनं." खरं तर पाण्याचं मला काहीच ठाऊक नव्हतं. बोलून गेले.

भाऊजी माझा शब्द खाली पडू देत नाहीत. जेवतानाच म्हणाले, "उद्यापासनं महेश बघेल. शुभे, तू घरातलं बघ." हे गुलाब तिनं लावलेत. खुंटावर कलमाचे डोळेही तिनंच भरले, दोन वर्षांपूर्वी, भर उन्हात बसून. तिनं खुरपं धुतलं आणि ओट्यावरच्या खिळ्याला अडकवलं.

२६ सप्टेंबर

विहिरीकडच्या चार ओळी हिरव्यागार! कळ्याही धरल्यात. भाऊजी गावभर सांगत सुटलेत — "आमच्या वहिनींचं औषध." शेजारचा सहादू बांध ओलांडून आला. "बाई, लय गुण आला की तुमच्या हिराकसाला! मी बी टाकतो." त्याला प्रमाण लिहून दिलं. खाली सही तेवढी केली नाही.

बाकीच्या ओळी पिवळ्याच का, हे कुणी विचारलं नाही. मीही विषय काढला नाही.

२९ सप्टेंबर

गोठ्यात सुतळी शोधत होते. पोत्याखाली तो डबा — रिकामा. शेजारी फवारायचा हातपंप, नळीवर पिवळसर डाग.

चष्मा लावून लेबल वाचलं. पहिल्यांदाच! लोह आणि ई.डी.टी.ए.

बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षी पाण्याचा जडपणा याच ई.डी.टी.ए.नं मोजायचो. थेंब थेंब सोडायचा, आणि एका थेंबाला लालसर रंग फिरून निळा. सर म्हणायचे, खेकडा नांगीत धरतो ना, तसा हा सेंद्रिय रेणू धातूला धरतो. प्रात्यक्षिकात पैकीच्या पैकी मिळाले होते मला. सुटं लोह चुनखडीत गंजून बसतं, मुळांना लागत नाही. पिंपाच्या तळाशी हेच तर दिसलं होतं! आणि मी विहिरीला दोष दिला.

त्या वर्षीची वही ट्रंकेत शोधली. नाही. वाळवीनं खाल्ली असेल.

शुभांगी कणीक मळत होती. विचारलं, "चारच ओळी का?"

"डबा तेवढाच होता. पहाटे फवारल्या."

"मग बोलली का नाहीस?"

"मागं बोलले होते की, मोठ्या आई." मान वर केली नाही तिनं.

१ ऑक्टोबर

दोन दिवस झाले, कुणाला सांगितलेलं नाही. रात्री जेवताना भाऊजींनी पुन्हा कौतुक केलं. तोंडात घास होता म्हणून गप्प बसले — नाही, घास नव्हता. इथं तरी खोटं कशाला लिहू?

४ ऑक्टोबर

सहादू आला. "बाई, माझी झाडं पिवळीच हायेत. तुमचं औषध काय माणूस बघून गुण देतं का?" भाऊजी हसायला लागले. सहादूनं माझ्या चिठ्ठीवर विसंबून सगळ्या रानाला हिराकस घातलाय.

उभी राहिले आणि सांगून टाकलं. हिराकस वाया गेला. चार ओळी शुभांगीनं वाचवल्या, तिच्या डब्यातल्या औषधानं. तिच्या पाण्याबद्दल मी बोलले तेही खोटं. चूक माझी.

भाऊजी सहादूला म्हणाले, "बघा, आमच्या वहिनी सुनेला कसं पुढं करतात! याला म्हणतात मोठेपणा." सहादूनं मान डोलावली. तीस वर्षं हुकूम सोडले, सगळे मानले. आज एकदा खरं बोलले, तर कुणी ऐकेना!

दुकानातून तसाच डबा मागवला. ओट्यावर दोन काचेचे ग्लास मांडले, दोन्हींत आमच्याच विहिरीचं पाणी. एकात हिराकस, एकात डब्यातलं लोह. कुणी हात लावायचा नाही, म्हटलं.

६ ऑक्टोबर

हिराकसाच्या ग्लासात तांबडा गाळ. दुसरं पाणी पिवळसर पण नितळ. भाऊजी बराच वेळ उकिडवे बसून बघत होते. मग खिळ्यावरचं खुरपं काढून त्यांनी शुभांगीपुढं धरलं. "सहादूचं रान पण बघून घे बाई." महेश विहिरीकडे निघून गेला.

तिनं घेतलं. माझ्याकडे पाहिलं नाही.

७ ऑक्टोबर

सकाळी विचारलं, "दुकानदार इतकं नीट समजावतो?" ती आत गेली आणि आपल्या साड्यांखालून वही घेऊन आली. माझीच — १९६२ची. समासात माझ्याच अक्षरात मराठी टिपणं. 'सुटा धातू तळाशी बसतो, सेंद्रिय रेणूत धरलेला पाण्यात टिकतो.' खाली तिची पेन्सिलची रेघ.

लग्न होऊन आली तेव्हा तिनं ही वही वाचायला मागितली होती. मी म्हणाले होते, "तुला काय कळणार त्यातलं?"