आभाळाला सड फुटले, त्याची गोष्ट

आरमोरी, २१ मे १९९८

आदरणीय बापूरावभाऊ,

बाबूभाईचा सलाम आणि जयभीम. एका ढगाकडे मान वर करून पाहायला मला काय लागले, ते आधीच सांगून टाकतो: तीन ताडपत्र्या, घशातला आवाज आणि तेंदूपत्त्याचे अडीच हजार पुडे. वहिनींचा गुडघा कसा आहे? (तेल कोमट करूनच चोळावे.)

तुम्हाला ठाऊकच आहे, या तेंदूपत्त्याच्या फडावर मी पुडे पलटवायला म्हणून आलो आणि आज माल-हिशेब सांभाळणारा मुनशी आहे, तो या दोन कानांच्या जोरावर. दोन कोसांवरचा पाऊस मला ऐकू येतो. मंगळवारी दुपारी पुडे उन्हात पसरलेले होते, अर्धे ओलेच, आणि येत्या बुधवारी ठेकेदाराचा माणूस माल पाहायला येणार. (पान काळे निघाले तर मुनशी बदलू, असे तो मागच्या साली हसत हसत बोलून गेला. ते हसणे अजून माझ्या पोटात आहे.) तेवढ्यात पुडे पलटवणारी इतवारीबाई ओरडली, "मुनशीभाऊ, आभायाले सड फुटले जी!" वर पाहतो तर खरंच! ढगाच्या पोटाखाली म्हशीच्या कासेसारख्या शंभरेक पिशव्या लोंबत होत्या.

तुमचा प्रफुल (सुट्टीत इथेच आहे, मास्तर झाला तरी जेवतो पोरासारखा) म्हणाला, "चाचा, घाबरू नका. वादळी ढगाचा माथा पसरला का त्यातल्या बर्फापाण्यानं हवा गार न् जड होते, खाली उतरते. तिच्याच ह्या पिशव्या. असा ढग क्वचित दिसते. वादळ तिकडं दूर चाललं, पिशव्यातून काई गळत नाई." मी म्हणालो, "बेटा, तुह्या पुस्तकातला ढग येगळा, हा आरमोरीचा आहे!" आणि घसा बसेपर्यंत ओरडत राहिलो, झाका!

चैतू, दसरू, बाया, सगळ्यांनी धावत पुडे ढिगात रचले, वर ताडपत्र्या ओढल्या. ढग निघून गेला, ऊन पडले. पण माझ्या कानात टपटप चालूच. पाऊस कुठेतरी दबा धरून आहे, म्हणून दोन दिवस ताडपत्रीला कोणाला हात लावू दिला नाही. आज सकाळी उचलली, तर आतून भातासारखी वाफ. ओल्या पानांची वाफ ताडपत्रीला लागून थेंब थेंब पानांवरच गळत होती. मधला सगळा माल काळा! इतवारीबाई म्हणते, "वरचा ढग गेला जी भाऊ, तुमी खाली दुसरा बनवला."

आपला,
बाबूभाई

ता. क. ठेकेदाराचा माणूस नागभीडला तुमच्याकडे चहा घेऊनच पुढे निघतो. मंगळवारी आरमोरीला धो धो पाऊस झाला, एवढे त्याच्या कानावर घालाल का?

ता. क. दुसरा. प्रफुलला उद्या घरी पाठवतो. बुधवारी त्याला चहाच्या वेळी समोर बसवू नका. पोरगा खरे बोलतो.

ता. क. तिसरा. फडाच्या वाटेवर तहसीलचा फळा लागतो. त्यावर मंगळवारचा पाऊस लिहिला आहे: शून्य.